कापराच्या पेटीतला झेंडा

ताईपेईत पहाटेपासून दमट.
राजशिष्टाचार खात्याच्या तळघरात
कान ग्योक-इंग इस्त्री तापायची वाट बघतेय.
समोर कापराच्या लाकडाची पेटी,
झाकणावर सरकारी क्रमांक,
आत महासागरापलीकडच्या देशाचा झेंडा.
एकतीस वर्षं तिच्या ताब्यात आहे.
दर हिवाळ्यात उलगडायचा, वारा द्यायचा,
आणि घडी घालायची निराळ्या रेषेवर,
म्हणजे कापड एकाच जागी विरायला नको.
फडकवायचा हुकूम कधीच आला नाही.

तसे पाहुणे यायचे.
यायचे, पण आलेले नसायचे.
एक उपसचिव आले ते पक्षी बघायला,
गळ्यात दुर्बीण,
तीन दिवसांत तिचं झाकण एकदाही निघालं नाही.
एकजण दाढ दाखवायला आला.
एकाने विमानतळावर लिहून दिलं, मावशीचं लग्न.
स्वतः पासष्टीचा, आणि मावशीचं लग्न!
हॉटेलच्या मागच्या दाराने त्यांना घ्यायचे,
जिथून मासळीचे खोके आत जातात.
चौदाव्या मजल्यावर पडदे ओढून
दोन सरकारं हळू आवाजात बोलायची,
आणि ग्योक-इंग टेबलावर पाट्या मांडायची:
श्री. हॅलोरन.
एवढंच. नाव होतं, हुद्दा नव्हता.
चुलीपाशी पोटभर वाढायचं
आणि पंगतीत पान मांडायचं नाही,
तसलं ते आदरातिथ्य.

परवा तिकडच्या सभागृहात ठराव झाला.
दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी, लहान-मोठ्या सगळ्यांनी,
एकमेकांकडे उघडपणे जावं-यावं,
यास उत्तेजन द्यावे.
त्सौ यू-फान, दुभाषा, नवीन पोरगा,
कागद घेऊन जिने उतरत आला.

उत्तेजन म्हणजे हुकूम का रे?
नाही, मावशी.
मग परवानगी?
तीही नाही. मनाई तरी कागदावर कुठे होती?
मग इतकी वर्षं काय होतं?
यू-फान डोकं खाजवतो.
दाराला कडी नव्हती, म्हणतो,
पण 'या' असं कुणी म्हणत नव्हतं.

तळघराला खिडकी नाही.
वरून लढाऊ विमानं गेली
की इस्त्रीतलं पाणी थरथरतं,
त्यावरून तिला कळतं किती होती.
आज चार.
यू-फान विचारतो,
चहा पिऊन कुणाचं युद्ध टळलंय, मावशी?
ती वाफ सोडते.
न पिता टळलेलं तू पाहिलंस?

झेंडा मोठा आहे, आवरत नाही.
एकतीस हिवाळ्यांच्या घड्या,
उभ्या, आडव्या, एक तिरकी
(त्या वर्षी तिचा नवरा गेला, लक्ष नव्हतं).
काही रेषा निघतात.
काही निघत नाहीत.
ती ओला रुमाल पसरते, पुन्हा दाबते,
मग सोडून देते.
राहू देत. लांबून दिसणार नाहीत,
जवळ येईल त्याला दिसल्या तर दिसू देत.

पाटीवाला खालून फोन करतो:
हुद्दा मावत नाही हो, पट्टी आखूड आहे.
आखूडच असणार,
आजवर मावायचं होतं काय?
लांब घे, ती सांगते, पितळेची घे.

टेबलावरच्या दोन झेंड्यांपैकी एकाची काठी
बोटभर बुटकी निघते.
ती अननस-केकच्या खोक्याचा पुठ्ठा कापते,
बैठकीखाली सरकवते,
एक डोळा मिटून बघते.
आता ठीक.

दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी येते.
पुढच्या पायऱ्यांवर, भर उन्हात,
वर्दीतले शिपाई, छायाचित्रकार,
आणि वर ते कापड, जड, फारसं न हलणारं.
श्री. हॅलोरन उतरतात. केस पांढरे झालेत.
क्षणभर त्यांचा हात गळ्याशी जातो,
जिथे दुर्बीण असायची,
आणि पाय, सवयीने,
डावीकडे वळतात,
मासळीच्या दाराकडे.

ग्योक-इंग खांबाआड उभी आहे.
तिथे उभं राहायची तिला मुभा नाही.
ती दोन पावलं पुढे येते,
तळहात उघडा करून दाखवते:
इकडून.