एकास साडेतीनशे

करंजे पेठेत घरटी एक फौजी.
गणपतीच्या मांडवात बसले की
सियाचीन निघतं, पुंछ निघतं,
कुणाच्या पायाची बोटं बर्फात राहिलेली निघतात.
माझी पाळी आली की कुणीतरी म्हणतं,
"इंगवल्यांचं काय, बोटीतनं हिंडून आले."
मी हसतो.
हिंडलो खरा. चौदा वर्षं,
पाण्याच्या पातळीच्या तीन मीटर खाली.

आता ती बोट दीड वितीची आहे.
माडीवर, शिलाई मशीनच्या टेबलावर,
कंदी पेढ्यांच्या सात रिकाम्या खोक्यांत तिचे सुटे भाग.
एकात तोफा. एकात होड्या.
एकात कठड्याच्या पितळी जाळ्या,
फुंकर मारली तर साताऱ्याबाहेर जातील अशा.
फेविक्विकचा थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा,
श्वास धरायचा, टेकवायचा.
शिंक आली तर दोन दिवस मागं.
एकदा रडार पडलं.
मालननं केर काढताना ते सुपलीत हेरलं,
तांदळातला खडा हेरावा तसं,
"टाकायचं का ठेवायचं?"
डोलकाठीच्या तारांसाठी मी तिचा एक केस मागितला.
म्हणाली, "काळा हवा होता तर उशीर केलात."

दोन्ही कुशी जोडायच्या आधी
मी आत इंजिनरूम केली.
पुस्तिकेत ती नाही. तिथं नुसती पोकळी असते.
दोन बॉयलर, बॉलपेनच्या नळीचे.
जाळीची फरशी, जुन्या नायलॉन साडीची.
प्रेशरचं घड्याळ म्हणजे पांढऱ्या रंगाचा टिपका,
त्यात काटा आहे.
घड्याळापुढं एक माणूस, तांदळाच्या कणीएवढा.
त्याच्याशेजारी दुसरा.
मालन म्हणाली, "वरनं डेक बसल्यावर कुणाला दिसणार?"
नाही दिसणार.
आम्हालाही वरचं कधी दिसलं नाही.
पोहे आले की सकाळ समजायची.

समुद्र राहिला होता.
टिश्यू पेपर फेविकॉलात भिजवून सुरकुत्या पाडल्या,
लाटा जमल्या. अडलो ते रंगाशी.
निळा दिला, कॅलेंडरातला वाटला.
हिरवा दिला, तो उरमोडी धरणाचा निघाला.
त्या दिवशीचा समुद्र मी पाहिलाच नव्हता.

कोल्लमला फोन लावला. वर्गीस वर असायचा, डेकवर.
अठ्ठावीस वर्षांनी बोलतोय,
आणि विचारतोय काय,
"पाणी कुठल्या रंगाचं होतं?"
बराच वेळ नुसता त्याच्या घरचा पंखा.
मग त्याच्या त्याच मोडक्या हिंदीत म्हणाला,
पाण्याकडे कोण बघत होतं, चीफ.
आम्ही शिडीकडे बघत होतो.
धूर आला. तुम्ही आलात.
मग हुकूम आला, बंद करा.
झाकणावर हात माझा होता.

नंतर आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो.
त्याचा डावा, माझे दोन्ही.

समुद्र राखाडी केला.
डेक चिकटवला. घड्याळ, जाळी, बिसोई, मी,
सगळे आत गेलो.
मागच्या हॅचचं झाकण तेवढं,
दोन मिलिमीटरचं,
पुस्तिकेत बंद दाखवलंय.
ते ब्लेडनं सोडवलं
आणि उघडं बसवलं. भिंग लावून, तीन वेळा.

काल सुभेदार चोरगे पाहून गेले.
म्हणाले, तोफा झकास. कुठल्या लढाईतली?
म्हटलं, लढाई नव्हती.
मंगळवार होता.
ते पेढा खात राहिले.

मागच्या कठड्यावर बनियनं वाळत घातलीत, पाच.
नियमात बसत नाही, पण घालायचो.
कडेचं बिसोईचं.
त्याच सकाळी धुतलं होतं त्यानं.