माझ्या टायरचा ठसा

पाच महिने लागले त्या पत्राला.
मुकादमनं लिहिलेला अर्ज
सिडकोनं वनखात्याकडे धाडला, वनखात्यानं सिडकोकडे,
मधेच साहेबांची बदली झाली.
शेवटी एक जांभळा शिक्का, जावक क्रमांक,
आणि अटी:
झाड तोडायचं नाही. खडक फोडायचा नाही.
सिमेंट आणायचं नाही. सूर्य मावळायच्या आत खाली.
माणसं बारा.

आम्ही तेरा निघालो.
नीरद मुकाट्यानं मागे फिरला,
खारघरच्या टेकडीखाली टपरीवर बसून
दिवसभर आमच्या सायकली राखत राहिला.

ऑक्टोबर. गवत कमरेला, पिवळं पडायच्या बेतात.
खाली इमारती इतक्या जवळ
की कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात.
वाटेच्या मधोमध गुडघाभर चर.
आमचीच चाकं पाच वर्षं
एकाच रेषेत उतरत राहिली;
पाण्यानं ती रेष वाचली
आणि पुढे लिहीत गेलं.

वनरक्षक गावित मॅडम, मूळ नवापूरच्या,
आमच्या हेल्मेटांकडे बघून हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुमचा खेळ मला कळत नाही.
पण वणव्याच्या रात्री चौकीवर आम्ही दोघंच असतो.
फेब्रुवारीत जाळरेषा काढायला कोण येणार, तेवढं सांगा.
कुणी काही बोलेना.
मग शर्वाणीनं हात वर केला, शाळेतल्यासारखा,
आणि हळूहळू बाकीचे.

आमच्याकडे उतार मोजायचं ॲप होतं.
पाड्यावरच्या कमळू पारध्याकडे पाण्याची बाटली.
'वता, आनि बघा,' म्हणाला.
ओतलं. पाणी चरातून सरळ पळालं.
चार घमेली माती, दगडांची तिरपी ओळ,
बाहेरच्या कडेला फावड्याची पाठ.
पुन्हा ओतलं. पुन्हा पळालं.
तिसऱ्यांदा कमळूनं एकच धोंडा वीतभर सरकवला
आणि काही न बोलता बिडी पेटवली.

जेवताना मॅडमनी फोनवर फोटो दाखवला:
कारवीतून थेट खाली कापत गेलेली चोरवाट.
हिची माती पाड्याच्या झऱ्यात उतरते, म्हणाल्या.
बाया पाणी तीनदा गाळतात.
फोटो हातोहात फिरला. कोण असेल हा गाढव, मुकादम म्हणाला.
माझ्याकडे आला तेव्हा मी बोटांनी मोठा केला.
ओल्या मातीत टायरचा ठसा,
आणि दर सात फुटांवर
एक गुंडी गायब.

ती गुंडी पारसिकच्या खडकावर तुटलेली.
मला माहीत होतं कधी, आणि कसा पडलो होतो तेही.
भाकरीचा घास गिळायला जरा वेळ लागला.
मग म्हणालो, मी.

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.
फोन परत घेतला, पदराला पुसावा तसा
गणवेशाच्या बाहीला पुसला.
'मग तिथलं काम तुमच्याकडे.'

दुपारभर मी आणि कमळू.
दगड आडवे. वाळलेल्या करवंदीच्या फांद्या,
गवताचे गड्डे मुळांसकट.
मी वाट चोख बुजवत होतो;
त्यानं खालच्या बाजूला हातभर फट ठेवली.
कशाला?
'सशाला.'
मनगटावर काटे उमटले ते आठवडाभर
कीबोर्डवर हात ठेवला की दिसायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी एकटाच गेलो.
त्या वळणावर बोटं आपोआप ब्रेकवर आली,
डोळा अजून तिकडेच वळतो, खोटं कशाला सांगू.
एक फांदी बाजूला सारलेली होती.
शेजारी ठसा, ताजा,
सगळ्या गुंड्या शाबूत.
कुणीतरी नवा आहे.

फांदी जागेवर लावली, फट सोडून.
सायकल दगडाला टेकवली
आणि त्याची वाट बघत बसलो.
बाटली अर्धी भरलेली होती.