अर्थ

किल्ली फिरवली की नुसतं टक.
एकदाच. मग शांत.
कुणी दारावर बोट वाजवावं
आणि आतून ओ यायच्या आत निघून जावं, तसं.

उसगावच्या तिस्कावर, मेस्त इनासच्या शेडसमोर
ट्रक आणला तोही उतारानेच.
गेली चार वर्षं मी उतार बघून जगतो :
सोयरिकीला गेलो तरी आधी अंगण कुठे कलतंय ते बघतो,
मयताला गेलो तरी चढावर, चाकाला दगड लावून.
चिरे उतरवताना इंजिन चालूच.
डिझेल जळतंय तर जळू दे,
सपाटीवर बंद पडला तर धक्का मारायला कोण येणार?

धक्का म्हणजे आधी वेगळा होता.
नदीवरचा. खनिज ओतायला जायचो तो,
खाली बार्ज तोंड उघडून उभी.
तेव्हा हाच स्टार्टर अर्ध्या किल्लीत ओरडायचा.
आता धक्का म्हणजे चार पोरं आणि एक शिवी.

इनास आधी बॅटरीकडे गेला.
टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी. त्याने किटलीतलं
उकळतं पाणी ओतलं. चहाचं होतं. चहा राहिला.
दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत,
स्टार्टर : टक.
सॉलेनॉइडवर जाडा स्क्रूड्रायव्हर आडवा टाकला,
बारीक ठिणगी, जळक्या तांब्याचा वास, एक कण्हणं.
मग हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकलं,
पिऊन झोपलेल्या मेव्हण्याला उठवतात तसं.
टक.
"काढूंया सकयल."

तीन बोल्ट. वरचा दिसत नाही,
तो फक्त बोटांना माहीत असतो.
अर्धा तास इनास ट्रकच्या पोटाखाली
त्या न दिसणाऱ्या बोल्टशी बोलत होता,
काही शब्द मला नवीन होते.

फळीवर उघडला. ब्रश झिजून नखाएवढे,
कॉम्युटेटर काळाठिक्कर,
आणि आत, झाकणाच्या कडेकडेने, लाल धूळ.
नाचणीच्या पिठासारखी सुकी.
खाण बंद पडली, मी ट्रक निळा रंगवला,
चिरे भरले, रेती भरली, एकदा तर नाटकवाल्यांचे पडदे,
ही आपली आत गोल गोल.
इनासने फुंकर मारली. माझ्या शर्टावर आली.
झटकली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. झटकली.
तरी धुताना बायकोने विचारलंच :
"परत सुरू झाली की काय?"

नवे ब्रश, पॉलिश पेपर, बुशला दोन थेंब तेल.
परत तीन बोल्ट, परत पोटाखालचं ते संभाषण.
किल्ली.
टक.

इनास टायरवर बसला. विडी पेटवली. म्हणाला,
"अर्थ मेळना रे."
आयुष्याबद्दल बोलतोय असं वाटून मी मान डोलवली.
मग वाटलं, पैशांबद्दल असेल. परत डोलवली.
"मान कितें हालयता? बॉडीचो अर्थ! ती पट्टी पळय."

इंजिनातून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी,
वरून धड, टोकाला गंजून
चार तारांवर लोंबत.
दिव्याला, हॉर्नला काय, काहीही चालतं.
ओझं फिरवायचं म्हटलं की कळतं.

पट्टी दीडशेची. ब्रश, मजुरी, ते सगळं वेगळं.
त्याने लोखंड खरवडून चकचकीत केलं, नट आवळला,
आणि शेडखालचा कुत्रा शेपूट घालून पळाला,
इतक्या वर्षांत त्याने तो आवाज ऐकलाच नव्हता.

सकाळी सहाला फोंडू सवयीने आला.
चपला काढून, मागच्या फाळक्याला हात लावून उभा.
मी किल्ली फिरवली.
ट्रक सुरू झाला, पुढे गेला,
तो धुरात तसाच, हात पुढे करून.
थांबून विचारलं, चहा घेणार ना?
म्हणाला, "कशाबद्दल?"