सहावं घर

सकाळी पावणेसहाला स्कूटीवर पायाशी बर्फाचा डबा,
डब्यात नळ्या: जांभळं टोपण, लाल टोपण, करडं.
यादीत सहावं घर पोफळी काकांचं, लक्ष्मीनगर.
उपाशीपोटी एकदा, जेवणानंतर पुन्हा.

काका बाही वर सारतात.
"शनिवारी अंगाला लोखंड लावून राहिली तू."
मी म्हणते, मूठ आवळा.
"सहावं स्थान माहीत आहे?
रोग, ऋण, रिपू. आणि नोकरीही तिथंच.
चौघं एकाच खोलीत भाड्यानं."
मी म्हणते, सोडा मूठ.
कापूस दाबून धरा, हात वाकवू नका.

चौघांचं एका खोलीत राहणं मला लगेच पटलं.
लॅबचे धोमणे सर रात्री साडेदहाला फोन करतात,
"पराते, उद्या वाडीचं एक घर वाढलं."
शेजारच्या हेडाऊबाईंनी बीपीचं मशीन नेलं ते नेलं,
मागितलं की म्हणतात, राहू दे ना बाप्पा.
नणंदेकडे सात हजार.
आणि माझं हिमोग्लोबिन, आठ पूर्णांक दोन,
मीच काढलं, मीच वाचलं,
कागद घडी करून सीटखाली ठेवला.

मी थकली म्हटलं की लोक म्हणतात, कोण नाही थकत?
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
कूलरचा पंप बंद.
खरंच, कोण नाही थकत.

मग एका रात्री तोंडातून निघून गेलं:
सर, माझी साडेसाती लागली.
नऊनंतरचा फोन वर्ज्य सांगितला आहे.
पलीकडे शांतता, मग एकदम मऊ आवाज,
"आधी काऊन नाही सांगितलं? माझ्या भावाचीही चालू आहे.
मारुतीला तेल वाहत जा."
फोन त्यांनीच ठेवला.

इतकी वर्षं मी दाराला कडी शोधत होती.
ती इतक्या उंचावर असेल असं वाटलं नव्हतं.

हेडाऊबाईंना मंगळ सांगितला, मशीन परत आलं.
नणंदेला सांगितलं, गुरुवारी मी उसनं देत नाही.
ती म्हणाली, बरं, शुक्रवारी येतो.
तिथं मी फसली.

काकांशी मात्र खोटं बोलवेना.
माणूस दर पंधरवड्याला आपल्याला रक्त देतो.
म्हटलं, माझी खरीखुरी पत्रिका बघाच आता.
जन्मवेळ?
आईला विचारलं. म्हणाली, मिलचा भोंगा झाला न तू रडली.
कोणता भोंगा? सहाचा, दोनचा, की रात्री दहाचा?
तुझे बाबा घरी नव्हते, एवढं आठवते.

बाबा कोणत्याच भोंग्याला घरी नसत.

काकांनी तीन कुंडल्या मांडल्या,
विजेच्या बिलामागे, बॉलपेननं.
एकीत शनी सहाव्यात, एकीत दहाव्यात,
एकीत दुसऱ्यात, म्हणजे वाणीच्या घरात, जिभेवर.
"अशी बाई 'नाही' म्हणायला उशिरा शिकते."
यातली माझी कोणती?
त्यांनी चष्मा काढला, पुसला.
"माझ्या गणितात नाही दिसत.
तुझ्या मशीनवर दिसलं तर सांग."

मशीनवर त्यांची साखर आली तीनशे बारा.
म्हटलं, काका, हा शनी नाही, ही संत्रा बर्फी.
ते हसले आणि बिल उलटं करून ठेवलं.

शंकरनगरच्या सिग्नलला धोमणे सरांचा फोन.
सव्वाआठ वाजले होते, वर्ज्य नव्हता.
"पराते, साडेसाती कधी संपते तुझी?
सोमवारी तीन घरं आहेत."
तोंडाशी राहू आला होता, केतूही होता.
मी म्हटलं, सर, माझं हिमोग्लोबिन आठ आहे.
सोमवारी येत नाही.

पलीकडे शांतता. या वेळी मऊ नव्हती.
सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दाबून धरला,
पायाशी बर्फ वितळून राहिला होता,
आणि मी फोन कानाला लावून
तशीच उभी.