जाड अक्षर

ऑर्व्हिल हाउगेनच्या छापखान्यात
खालून तिसरा खण त्याचा.
ओढायला दोन हात लागत.
आत लाकडी खिळे पडलेले,
रविवारचं जेवून सुस्तावल्यासारखे.
कोपरा कुठे नाही, टोक म्हणून नाही.
कडेवरून बोट फिरवलं
तर पावावरून फिरतंय असं वाटे.

ऑर्व्हिलला ते आवडत नसे.
"याला हाडंच नाहीत," म्हणे,
"सायीवर पोसलेला जीव.
कुजबुजायला सांग, जमायचं नाही."
आणि दिवसभर तेच छापी,
कारण शबॉयगनमध्ये त्या वर्षी
ज्याला त्याला तेच हवं होतं :
डोनटवाल्याला, गालिच्यांच्या सेलला,
नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाला,
शाळेच्या बँडला,
आणि दातांच्या डॉक्टरलासुद्धा,
मुलं घाबरू नयेत म्हणून.

लांबून वाचता येई.
बर्फ पडत असताना, चालत्या गाडीतून.
एवढा एकच गुण तो कबूल करी.

मी शाई लावायचो.
मला ठाऊक होती त्याची खोड :
ओच्या पोटातलं भोक इतकं बारीक
की शाई जरा जास्त झाली की बुजे,
अन् ओ ठार आंधळा.
दर वीस कागदांमागे
टाचणीनं त्याचा डोळा उघडायचा.

फेब्रुवारीत डोलोरेस क्रेचमार आली.
कोटाच्या आतून शर्ट काढला,
बोलिंगच्या संघाचा, पिवळा.
पाठीवर मखमली अक्षरांत नवऱ्याचं नाव, ओटो.
दोन्ही टोकांना दोन ओ,
मधे दोन टी, खांदे टेकवून उभे.
"या अक्षरात," ती म्हणाली,
"शोकपत्रिका. पन्नास."

ऑर्व्हिलनं चष्मा पुसला.
पातळ, तिरकी, सभ्य अक्षरं दाखवली,
करड्या किनारीचे नमुने मांडले.
शेवटी म्हणाला,
"बाई, हे अक्षर रडू शकत नाही."

"त्यालाही येत नव्हतं.
एकतीस वर्षं वाट बघितली मी."

खण त्यानं स्वतः ओढला.
नाव जुळवलं, भोवती
इतकी पांढरी जागा सोडली
की मला वाटलं चुकलं.
गोठलेल्या तळ्यावर
एखादा लठ्ठ माणूस
मासे धरायला एकटाच बसावा, तसं ते दिसत होतं.
तारीख आणि चर्च खाली, मुंगीएवढं.
त्या दिवशी टाचणीही त्यानंच धरली.
पन्नासच्या पन्नास, दोन्ही डोळे उघडे.

डोलोरेसनं पैसे मोजले,
शर्ट घडी न करता कोटात कोंबला.
ऑर्व्हिल तिच्यामागे दारापर्यंत गेला,
काही बोलला नाही,
परत येऊन म्हणाला, रूळ धू.

सोमवारी बुटांच्या सेलचं पोस्टर.
आमच्याकडे बूट लिहायला ओ दोन लागतात,
अन् त्या मापाचे खणात होतेच दोन.
लाल शाई.
मी रॉकेलनं घासले होते, दोनदा.
तरी विसाव्या कागदाला टाचणी घातली
तेव्हा टोकाला काळं लागून आलं.