आखाजीला निरंक

सावद्याच्या काट्यावर संध्याकाळी सहानंतर
माझं काम एवढंच:
गावागावाला विचारायचं, आज किती घड कापले,
आणि आलेल्या याद्यांची एक यादी करून
रात्रीच्या वॅगनआधी स्टेशनात धाडायची.

पहिल्या वर्षी गावांची नावं मी हातानं लिहिली.
चिनावल अधिक विवरे अधिक निंभोरा अधिक ऐनपूर.
मग वाघोदा आलं, पाचवी ओळ.
मग खिरोदा.
मग एका बुधवारी ऐनपूरची लाइन गेली
आणि पाच गावांची उत्तरं हातात असताना
प्रोग्रॅम सहाव्यासाठी अडून बसला,
एक मामा रुसला म्हणून
अख्खी पंगत ताटकळावी तसा.

खिडकीबाहेर सायबू तडवी ट्रक भरून घेत होता.
भाऊ, किती वावरांचा माल येणार
हे ठाऊक नसताना तुम्ही ट्रक लावता कसा?
तो तंबाखू मळायचा थांबला नाही.
"आधी रिकामा लावाचा. खाली पाला आथराचा.
मंग जितला येईन तितला."

रिकामा. आधी.
घरी जाऊन कळण्याची भाकर खाल्ली,
परत येऊन एक रिकामा कंस मांडला.
मग फेरा: ज्या गावाचं उत्तर आलं
ते ओत, पुढं चल.

तरी पहिल्या रात्री मी घड नाही,
ट्रकच ट्रकात चढवले.
यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात चिनावल.
स्टेशनातून बोंडे बाबूंचा फोन,
"मॅडम, एकूण घड सहा?"
सहा गावं होती. घड चार हजारांवर.

दुसरी चूक दोन दिवसांनी कळली, ती जास्त लागली.
विवऱ्याचे सुपडू झोपे आणि निंभोऱ्याचे सुपडू झोपे.
मी नावावर चिठ्ठी लावली होती;
नंतर आलेला सुपडू आधीच्याच्या जागेवर बसला
आणि विवऱ्याचे एकशे बारा घड
कुठं गेले नाहीत, फक्त मोजले गेले नाहीत.
म्हातारा काट्यावर आला, भांडला नाही.
"माह्या आधीची तीन पोरं गेली,
म्हणून मले सुपात घातलं.
त्याच्याबी घरी तेच झालं असंन.
तुह्या मशिनले काय माहीत."
आता नावासोबत गाव, गावासोबत गट नंबर.

मग आखाजी आली.
कोयता कोणी उचलला नाही. लेकी माहेरी,
निंबाच्या फांद्यांना दोर.
सहाही गावं गप्प.
मी उगाच काट्यावर जाऊन बसले:
जोडायला एकही यादी नसली तर तो काय जोडेल?
सहा वाजले. चालला.
अडला नाही, ओरडला नाही.
दोन कंस, मध्ये काही नाही.

बोंडे बाबूंनी रजिस्टरात तारीख घातली,
समोर वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक,
आणि खाली सही केली, पुरती, रोजच्यासारखी.

बाहेर ट्रक उभा होता, पाला आथरलेला.
सायबूचा नातू त्यावर झोपला होता.