चार फेरे

एकोणसाठच्या इम्पालाला रिव्हर्स पडत नव्हता
अकरा वर्षं.
धैर्यवान वकील म्हणाले, सवय झाली हो,
गल्ली बघूनच शिरतो.
वळायला जागा नाही म्हणून
खोताच्या वाडीतली दोन लग्नं चुकवली.

माझगावच्या शेडमध्ये इनासने डिपस्टिक ओढली,
नाकाशी धरली.
लाल हवं ते तेल, करपल्या कढईतलं.
बोटांत चोळलं, कचकचलं.
"पट्टा गेला," एवढंच म्हणाला
आणि गाडीखाली सरपटला.

शनिवारी पेटी उतरवली.
जुन्या चादरीवर व्हॉल्व्ह, स्प्रिंगा,
प्रत्येकाशेजारी खडूने आकडा;
पोलादी गोळ्या त्याच्या बायकोच्या इडलीपात्रात.
रबरी सील मी नुसतं दाबलं
तर चकलीसारखं मोडलं.

नवं अस्तर चिकटलं. राहिला पट्ट्याचा स्क्रू.
"गच्च आवळ."
आवळला.
"आता चार फेरे सोड."
एवढं आवळून सोडायचं?
"धरूनच ठेवलं तर जळतं ते. मोज, बडबडू नको."
तिसऱ्याला तो खोकला, मी चुकलो,
पुन्हा आवळून पहिल्यापासून.

वकील आले. गाडी पुढे नेलीच नाही.
लिव्हर ओढला, इम्पाला किंचित दबली
आणि निघाली मागे मागे,
इस्त्रीवाला, क्रूस, दूधकेंद्र,
अख्खी गल्ली उलटी, थेट नाक्यापर्यंत.
तिथून हॉर्न. एकदा. परत एकदा.

मी पात्र धुवायला उचललं.
एका खळग्यात गोळी.
इनासने पाहिली.
मी इनासकडे.
नाक्यावर हॉर्न चालूच.